बडबड्याच्या दारावरचा गेटवे

निवृत्तीनंतर बाबांनी आपले विनोद आपल्याच आवाजात भरून एक छोटा प्रोग्राम केला होता. फोनवर बटण दाबलं की एक विनोद ऐकू यायचा. त्याला आम्ही बडबड्या म्हणायचो. बाबा गेले आणि सगळा गोतावळा दिवसभर बटण दाबू लागला. त्यांच्या जुन्या कॉम्प्युटरला ते झेपेना. आई बटण दाबायची, पडद्यावर चक्र फिरत राहायचं, मग ती फोन ठेवून द्यायची. बाबा गेल्यापासून तिला त्यांचा आवाज एकदाही ऐकू आला नव्हता.

रविवारी मी बडबड्याला माझ्या कॉम्प्युटरवर एका कंटेनरमध्ये हलवलं. कंटेनर म्हणजे प्रोग्रामची सामानासकट स्वतंत्र खोली. शेजारच्या कंटेनरमध्ये गेटवे, म्हणजे दारवान, बसवला. प्रत्येक विनंती आधी त्याच्याकडे जाणार, तो प्रत्येकाच्या फोनला दिलेली किल्ली तपासणार आणि एकाला मिनिटाला एकच विनोद देणार.

"मला तरी सूट दे," आत्या म्हणाली. "सख्खी बहीण आहे मी दादाची."

"सगळ्यात जास्त बटण तूच दाबतेस, आत्या. बडबड्याच्या नोंदीत दिसतंय."

"चहाडखोर आहे मेला."

आईने बटण दाबलं. गेटवेने कळवलं, पलीकडे कोणी नाही.

"राहू दे गं," आई म्हणाली.

मी सेटिंग उघडलं आणि कपाळावर हात मारला. बडबड्याचा पत्ता म्हणून मी सवयीने 'लोकलहोस्ट' लिहिलं होतं, म्हणजे 'इथेच'. पण कंटेनरचं 'इथेच' म्हणजे त्याची स्वतःची खोली. गेटवे बिचारा बडबड्याला आपल्याच खोलीत शोधत बसला होता.

"दादाच की हा," आत्या म्हणाली. "माझ्याशी फोनवर बोलता बोलता विचारायचा, माझा फोन कुठे गेला गं."

"मग तू काय करायचीस?"

"मी पण उठून शोधायचे."

आई फस्सकन हसली. मग मी, मग आत्या. हसता हसता मला बडबड्याच्या कंटेनरचं नाव धड टाइप होईना. कसंबसं ते लिहिलं, गेटवे पुन्हा सुरू केला. आईने बटण दाबलं.

"एक माणूस डॉक्टरकडे गेला, आणि..." एवढं बोलून बाबा स्वतःच हसत सुटले. हसण्यातच विनोद संपला.

"पुढे काय?" मी विचारलं.

"पुढे काही नाही," आई डोळे पुसत म्हणाली. "लग्नापासून ऐकतेय. तो माणूस अजून डॉक्टरच्या दारातच उभा आहे."

तिने लगेच पुन्हा दाबलं. पडद्यावर आलं, 'जरा थांबा.'

"मलासुद्धा?"

"थांब, तुझी मर्यादा काढून टाकते."

"नको." तिने माझा हात कीबोर्डवरून बाजूला केला. "येणार आहे ना आता? मग थांबेन मिनिटभर."

"वहिनी, तोवर फोन इकडे दे," आत्या म्हणाली.

आईने फोन मांडीत ओढून घेतला. "मुळीच नाही. आता माझा नंबर आहे."