मेश्राम नावाची पाटी

१९८६च्या एप्रिलमध्ये बाबा नागपूरहून आमच्याकडे अमेरिकेतल्या डब्लिनला आले, आणि जून उजाडला तरी महाराष्ट्र मंडळात मी कुणाला त्याचा पत्ता लागू दिला नव्हता. कारण सांगताना आजही स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं. इथे मी लहू वडगावकर. बाबा राजाराम मेश्राम. अमेरिकेला यायच्या आधी मी आडनाव बदलून गावाचं लावलं होतं. मेश्राम म्हटलं की जात कळते, आणि मंडळातली माणसं पहिल्या चहालाच ‘तुम्ही मूळचे कुठले’ विचारतात. वडगावकर म्हटलं की पुढचं कुणी विचारत नव्हतं.

त्यात शेजारच्या बिलने त्याच्या कोठारामागे पडलेला ट्रेलर ‘हवा तर घेऊन जा’ म्हणून दिला. गाडीला जोडून कॅम्पिंगला न्यायचं चाकांवरचं घर ते, वयाने जवळपास माझ्याएवढं. छत गळत होतं, फळ्या कुजल्या होत्या, गादीत उंदरांनी संसार थाटला होता. “हे भंगार माझ्या दारात नको हं!” माझी बायको सुलेखा म्हणाली.

बाबांनी भिंतीवर बोटाने टकटक करून पाहिलं. “काऊन नको? पस्तीस वर्षं रेल्वेच्या वर्कशॉपात डबे नीट केले मी. हे तर त्यांचं लेकरू आहे.”

आणि लागला की म्हातारा कामाला! रंधा आणि पटाशी ते नागपूरहून बॅगेत घालूनच आले होते. मी फळ्या कापायचो, सुलेखा पडदे शिवायची, नऊ वर्षांची सुजाता सँडपेपर घासायची. जुलैत लेकवर जायचं ठरलं होतं. बाबांना नातीबरोबर ट्रेलरमध्ये एक रात्र झोपायचं होतं, बस. इतके खूश मी त्यांना आई गेल्यापासून पाहिले नव्हते.

सुजाताने हट्ट धरला, “आजोबा, एव्हरीबडी हॅज अ नेम साइन!” खरंच, इथे प्रत्येक ट्रेलरवर घराण्याच्या नावाची लाकडी पाटी असते. बाबांनी चार दिवस खपून अक्षरं कोरली. मेश्राम. काय सुरेख अक्षर! “बट वी आर वडगावकर,” सुजाता म्हणाली.

“हेही आपलंच नाव आहे, बेटा,” बाबा म्हणाले. मी खिडक्या पुसत राहिलो.

त्याच शनिवारी मंडळाचे अध्यक्ष हेमचंद्र आणि त्यांच्या पत्नी नीलाताई पिकनिकचं आमंत्रण द्यायला न सांगता आले. मी धावत जाऊन पाटीवर रंगाचं फडकं टाकलं. काय ही लगबग माझी! नीलाताईंनी ट्रेलर बघता बघता तेच फडकं उचललं. “मेश्राम? हे कोण हो, वडगावकर?”

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग हातातला रंधा खाली ठेवून ते म्हणाले, “मीच जी. सुतार आहे. साहेबांच्या कामावर आलो.”

“अरे वा!” हेमचंद्र म्हणाले. “आपल्याकडचा सुतार, इथे? कुठून मिळाला?”

‘हे माझे वडील.’ एवढंच तर म्हणायचं होतं. मी म्हणालो, “ओळखीतून.”

ते गेल्यावर ट्रेलरमधून सुजाता बाहेर आली. तिने सगळं ऐकलं होतं. पाटी उचलून ती आजोबांच्या शेजारी जाऊन बसली.

सुलेखाला कळलं तेव्हा तिने ओढणीने डोळे पुसले आणि फोन माझ्यासमोर ठेवला. “आत्ताच्या आत्ता खरं सांगा त्यांना. नाहीतर मी सांगते.” मी नंबर फिरवला. मनात वाक्य घोकत होतो. फोन नीलाताईंनी उचलला, मी नाव सांगितलं.

“अय्या, वडगावकर! शंभर वर्षं आयुष्य तुम्हाला. आत्ता तुमचंच नाव काढलं. आमच्या बेसमेंटमध्ये कपाटं करायची आहेत हो. तुमचा तो मेश्राम पुढच्या शनिवारी पाठवाल का? किती नीटनेटका हात आहे त्याचा!”

फोनमधला आवाज खोलीभर ऐकू येत होता. बाबा दारात उभे होते. सुजाता त्यांचा हात धरून माझ्याकडे बघत होती.

“सांग, येतो म्हणून,” बाबा हळूच म्हणाले. “कामाची लाज मला कधीच वाटली नाही, लहू.”

घोकलेलं वाक्य जिभेवर होतं. शप्पथ सांगतो, होतं.

“शनिवारी दहाला घेऊन येतो त्याला,” मी म्हणालो.