गिबोनकरांना दिलेला शब्द

सौदी अरेबियातल्या तबूकमधल्या मराठी ख्रिस्ती मंडळींत दर शुक्रवारी कुणाचा ना कुणाचा वाढदिवस असायचा. म्हणजे वाढदिवस कुणाचाच नसे, पण टेबलावर केक असे, भिंतीला दोन फुगे असत, आणि अवचित दारावर थाप पडलीच तर चटकन मेणबत्ती लावता यावी म्हणून काडेपेटीही शेजारी असे. उघडपणे उपासना करायची या देशात सोय नाही, म्हणून विवेक शिंदेने काढलेली ही युक्ती. त्याच्या धाकट्या पोराचे वर्षभरात इतके वाढदिवस झाले होते की त्या हिशोबाने पोरगं आतापर्यंत पेन्शनीत निघायला हवं होतं. दाराबाहेर चपलांचा ढीग दिसू नये म्हणून सगळ्यांच्या चपला बाथटबमध्ये जात. गाणी ओठांतल्या ओठांत, टाळ्या दोन बोटांनी. देवाचे कान काही अधू नाहीत, असं विवेक म्हणे, आणि ते खरंच आहे.

विवेक नाशिकचा, एका बांधकाम कंपनीत इंजिनिअर आणि स्वभावाने सेनापती. त्या हिवाळ्यात त्याने मंडळीला बायबलातल्या यहोशवाच्या, म्हणजे इस्राएलच्या पुढाऱ्याच्या, लढाया वाचायला लावल्या होत्या. इस्राएल लोकांनी कनान देशातले राजे एकामागून एक कसे जिंकले, पाच राजे गुहेत कसे लपले, आणि त्यांना बाहेर ओढून सरदारांनी त्यांच्या मानेवर पाय कसे दिले, हे वाचताना विवेकला स्फुरण चढे. त्यातूनच त्याने नवीन प्रथा पाडली. प्रत्येकाने आपल्या आयुष्यातल्या राजाचं नाव चिठ्ठीवर लिहायचं, ती चिठ्ठी पायाखाली घ्यायची आणि प्रार्थनेत तिच्यावर पाय दाबायचा. आपटायचा नाही, कारण खाली भाडेकरू होते. त्यासाठी मुद्दाम एक रजई अंथरलेली असे. कुणाचा राजा मधुमेह, कुणाचा नवऱ्याची सिगरेट. विजयकुमार साळवेच्या चिठ्ठीवर नाताळपासून एकच नाव होतं, फवाज.

विजयकुमार नगरचा. तबूकबाहेरच्या एका मोठ्या शेती कंपनीच्या शीतगृहात तो अमोनियाचा प्लांट चालवायचा. काळ्या केसांनिशी आला होता, आता डोक्यावर बटाट्याच्या पोत्याइतकीच लव उरली होती. बायको अनुराधा बरोबर होती, मुलगी श्रुती मिरजेला नर्सिंग शिकत होती आणि तिचं शिक्षण अजून निम्म्यावर होतं. अशा वेळी सौदीकरणाचं वारं सुटलं. ज्या कंपनीत सौदी माणसं कमी, तिला सरकारने पिवळ्या पट्ट्यात टाकलं, आणि पिवळ्या पट्ट्यातल्या जुन्या परदेशी माणसांचे इकामे, म्हणजे राहण्याचे परवाने, पुढे वाढेनात. मॅनेजरने एक दिवस फवाज नावाच्या तरुणाला विजयकुमारसमोर उभं केलं आणि सांगितलं, याला तयार करा. उन्हाळ्याआधी रियाधहून साहेब येऊन याची परीक्षा घेतील. तो पास झाला की तुमची मोकळीक. मोकळीक हा शब्द मॅनेजरने असा उच्चारला की जणू तो विजयकुमारला काही भेटच देत होता.

पोरगं वाईट नव्हतं, आणि खरी अडचण तीच होती. उशिरा यायचं, मोबाइलमध्ये मुंडकं घालून बसायचं, पण सांगितलं की ऐकायचं, आणि विजयकुमारला 'अम्मी विजय', म्हणजे अरबीत विजयकाका, म्हणायचं. फवाजची हिंदी सिनेमातून शिकलेली, विजयकुमारची अरबी बाजारातून. दोघांचं मिळून बरं भागे. विजयकुमारने त्याला पंप शिकवले, गेज वाचायला शिकवलं, तेल काढायला शिकवलं. एक गोष्ट तेवढी शिकवली नाही.

बटाट्याचे ट्रक एकदम लागले आणि गरम माल आत शिरला की प्लांटवर ताण येतो. मग वायूऐवजी पातळ अमोनियाच कॉम्प्रेसरकडे धावू लागतो. तो आत शिरला तर मशीन फुटेल, आणि जवळचा माणूसही वाचायचा नाही. गेजचा काटा हे उशिरा सांगतो. आधी पाइपवरचा बर्फ सरकत मशीनकडे येऊ लागतो आणि आवाज जड होतो. तेव्हा एक व्हॉल्व्ह अगदी हळूहळू आवळायचा असतो, किती हळू ते हातालाच कळतं. हे न येणारा माणूस परीक्षेत पास होणं शक्य नव्हतं. त्यामुळे आवाज जड झाला रे झाला की विजयकुमार म्हणे, फवाज, जा बाबा, दोन चहा घेऊन ये. फवाज जाई. तो परत येईपर्यंत सगळं शांत झालेलं असे, आणि दोघे चहा पीत.

आपण काही पाप करतोय असं विजयकुमारला वाटत नव्हतं. देवाचं वचन मिळालेल्या माणसाच्या वाटेत जो येतो तो कनानी राजा, असं विवेकने दर शुक्रवारी ठासून सांगितलं होतं. सोयीचा अर्थ लवकर पटतो.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी चहाचा घोट घेता घेता फवाज म्हणाला की परवा शुक्रवार आहे. आहे तर खरा, विजयकुमार म्हणाला. मग फवाजने सहज विचारलं की तुम्हा हिंदुस्थानी लोकांत दर शुक्रवारी वाढदिवस कुणाचा असतो?

विजयकुमारने आधी दाराकडे पाहिलं. फवाज हसू दाबत होता. विवेक ज्या बेकरीतून केक नेई ती त्याच्या मामाची होती. एकच माणूस दर गुरुवारी संध्याकाळी येतो, एकाच मुलाचं नाव केकवर लिहून घेतो, आणि मुलाचं वय मात्र कधीच सांगत नाही, हे मामाच्या कधीच लक्षात आलं होतं. युक्ती काढताना विवेकने दाराचा विचार केला, शेजाऱ्यांचा केला, चपलांचा केला. बेकरीवाल्यालाही डोळे असतात हे तेवढं त्याच्या ध्यानात आलं नाही. मामा पोलिसांना सांगायला निघाला होता, पण केक नेणाऱ्याबरोबर विजयकुमारला फवाजने एकदा पाहिलं होतं, म्हणून त्याने मामाला थांबवलं होतं. ती माझ्या काकांची माणसं आहेत, असं सांगून.

आता हा काय मागणार, एवढाच विचार विजयकुमारच्या मनात होता. फवाजने कप खाली ठेवला आणि मान खाली घालून बोलू लागला. याआधी दोन ठिकाणी त्याला नापास करून घरी पाठवलं होतं. त्याचं लग्न ठरलं होतं, पण मुलीचा बाप म्हणत होता की पक्की नोकरी दाखव, नाहीतर मुलगी विसर.

"माझी आई रोज दुआ करते," तो म्हणाला. "पण तुम्ही सगळे जमून करता. परवा तिथे माझंही नाव घ्या, अम्मी. पास होण्यासाठी."

नाव तर नाताळपासून दर शुक्रवारी घेतलं जात होतं. विजयकुमारला त्याच्याकडे बघवेना. "घेईन," तो म्हणाला, आणि वर शब्द दिला म्हणून हातात हातही दिला.

त्या शुक्रवारी संदेश द्यायची पाळी नेमकी विजयकुमारची होती, आणि विषय गुहेतल्या पाच राजांचा. घरी येऊन तो पुस्तक उघडून बसला. नगरच्या त्याच्या जुन्या पाळकांनी शिकवलं होतं की कुठलाही अध्याय मधून उचलू नये, आदल्या पानापासून वाचावा. म्हणून त्याने आदलं पान वाचलं, आणि गिबोनकर त्याला भेटले.

हे गिबोनचे लोक शेजारचेच, पण मरणाच्या भीतीने त्यांनी सोंग घेतलं. फाटके जोडे घातले, बुरसटलेल्या भाकरी झोळीत भरल्या, आणि आम्ही फार दुरून आलो, आम्हाला अभय द्या, असं यहोशवाला सांगितलं. त्याने शब्द दिला. तीन दिवसांत लबाडी उघड झाली. लोक चिडले, पण यहोशवाने शब्द फिरवला नाही. त्यांना लाकडं फोडायला आणि पाणी भरायला ठेवलं, पण जगू दिलं. आणि ते पाच राजे? ते याच गिबोनकरांवर चालून आले होते. गिबोनकरांनी हाक मारली, तेव्हा यहोशवा रात्रभर चालत त्यांच्या मदतीला गेला. त्या दिवशी सूर्य आकाशात थांबला तो या लढाईसाठी. लबाड परक्यांना दिलेला एक शब्द राखण्यासाठी.

विजयकुमारने चष्मा काढून ठेवला. आजवर तो स्वतःला इस्राएल समजत आला होता. पण इथे भूमी कुणाची आणि पाणी भरायला कोण आलंय? त्याच्या इकाम्यावर धंदा 'शेतमजूर' लिहिला होता, कारण तेव्हा तोच व्हिसा स्वस्तात मिळत होता. हातात कधी फावडं धरलं नव्हतं, पण व्हिसा देणाऱ्या मालकासमोर, कफीलसमोर, हो म्हणून मान हलवली होती. बुरसटलेली भाकर याहून वेगळी काय असते? आणि बेकरीवाल्याला गप्प करून ज्याने अभय दिलं, त्याच्याच मानेवर आपण रजई अंथरून पाय देत होतो. त्याला स्वतःची शरम वाटली, आणि मग श्रुतीचा चेहरा डोळ्यांसमोर येऊन भीतीही वाटली. शरमेने भीती जात नाही, दोन्ही एकाच वेळी छातीत बसतात.

शुक्रवारी त्याने हे सगळं मंडळीला सांगितलं, अडखळत, जमेल तसं. केकची गोष्ट निघाली तेव्हा सगळ्यांच्या नजरा टेबलाकडे वळल्या. विवेक सावरला, आणि इंजिनिअरसारखा मुद्द्यावर आला. मग राजांचं काय, त्याने विचारलं. एकतीस राजे मारले गेले ते काय उगाच? विश्वास म्हणजे लढाई नाही का? ती माणसं मेली, त्यांनाही बायकामुलं असतील, त्याचं मला कोडंच आहे, असं विजयकुमार म्हणाला.

"पण एवढं मला कळलं," तो म्हणाला. "देव माझ्या बाजूने लढतो हे म्हणायच्या आधी मी कुणाला काय शब्द दिलाय ते बघायला पाहिजे. मी त्या पोराला शब्द दिलाय. त्याच्यासाठी प्रार्थना करा."

चिठ्ठ्या त्या दिवशी कुणी लिहिल्या नाहीत. विजयकुमारने मोठ्याने, म्हणजे त्या घरात जितकं मोठ्याने बोलता येई तितक्या आवाजात, फवाजचं नाव घेतलं आणि त्याला पास कर म्हणून मागितलं. विवेक शेवटी आमेन म्हणाला. सगळे म्हणाले. अनुराधा तेवढी म्हणाली नाही.

परतताना गाडीत ती खिडकीबाहेर बघत होती. बाई रागावली, असं विजयकुमारला वाटलं, आणि रागावायला तिला कारण होतं. तो समजूत घालू लागला की देव काही मार्ग काढेल, श्रुतीचं शिक्षण थांबणार नाही. तिने त्याला मध्येच अडवलं.

"तुम्ही त्याला चहा आणायला पाठवता ते तुम्हीच मला हसत हसत सांगितलं होतं," ती म्हणाली. "मला तुमची नोकरी जायला नकोय. मला फार भीती वाटते, अहो. पण आज तुम्ही देवाकडे जे मागितलंत, ते तुमच्याच हातात होतं. हातचं काम देवावर ढकलायचं आणि वर आमेन म्हणायचं, ते मला जमलं नाही."



शनिवारी आठवडा सुरू झाला आणि दहाच्या सुमाराला बटाट्याचे ट्रक लागले. दारं उघडली, गरम माल आत आला. थोड्या वेळाने आवाज जड झाला. फवाज सवयीने उठून दाराकडे निघाला, तसा विजयकुमारने त्याच्या सदऱ्याची बाही धरली.

"नाव घेतलं का माझं?" फवाजने विचारलं.

"घेतलं. पण काम अर्धं राहिलंय. इकडे ये, आवाज ऐक."

त्याने पाइपवरचा बर्फ दाखवला, एरवी कुठे असतो आणि आता कुठवर आलाय ते दाखवलं. मग फवाजचा हात व्हॉल्व्हवर ठेवला आणि त्यावर आपला हात ठेवला. थोडंसं आवळ. थांब. ऐक. आणखी थोडंसं. प्रत्येक वळणागणिक आपली खुर्ची आपणच या पोराच्या खाली सरकवतोय, हे विजयकुमारला स्वच्छ कळत होतं. एकदा तर हात काढून घ्यावा असं त्याला फार वाटलं. आवाज हलका झाला तेव्हा फवाजने कपाळावरचा घाम पुसला, आणि हे आधी का नाही दाखवलं, असं विचारलं.

"मी भ्यायलो होतो," विजयकुमार म्हणाला. "तू शिकलास की मला जावं लागेल."

फवाजला हे माहीत नव्हतं. विजयकुमारला दुसरीकडे घालतील, असंच मॅनेजरने त्याला सांगितलं होतं. तो काहीतरी बोलू पाहत होता, पण तेवढ्यात पुढचा ट्रक लागला आणि आवाज पुन्हा जड झाला. विजयकुमारने या वेळी दोन्ही हात पाठीमागे घेतले. फवाज एकटाच पुढे झाला. त्याने कान लावला, हळूहळू आवळलं, थांबला, पुन्हा आवळलं. जमलं. विजयकुमारला आपल्या पोराचा निकाल ऐकावा तसा आनंद झाला, आणि त्याच्या मागोमाग श्रुतीची फी आठवली.

दुपारी जेवायच्या सुट्टीत त्याने अनुराधाला फोन लावला. दाखवलं, तो म्हणाला.

"आणि जमलं का त्याला?"

"पहिल्याच दिवशी."

तिचा आवाज आला, थोडा ओला, पण ठाम.

"मग मी आज माझ्या दादाला कळवते," ती म्हणाली. "आपल्या नगरच्या घरातला भाडेकरू उन्हाळ्याआधी हलवायला सांगते."