चंपतरावांचं म्हणणं

हुडकेश्वरचा चंपतरावांचा पत्त्यांचा क्लब म्हणजे तीन टेबलं आणि एक कुरकुरणारा पंखा. पण गल्लीतले लोक थट्टेनं त्याला ‘कसिनो’ म्हणत, आणि परवाना देणाऱ्या कार्यालयानं ते फारच मनावर घेतलं. यंदा नूतनीकरण नाकारलं. कारण काय, तर ‘सुनावणी दिली, समाधान झाले नाही.’ कोराडीच्या वीजकेंद्रातून निवृत्त झालेली आठ-दहा म्हातारी माणसं तिथे रमी खेळत. हरेल त्यानं सगळ्यांना संत्री सोलून द्यायची. आता क्लबला कुलूप लागणार होतं, आणि चंपतरावांना दुपार घालवायला दुसरी जागा नव्हती.

हायकोर्टात जायचं ठरलं. वकील होती कामिनी, त्यांच्या जुन्या सोबत्याची मुलगी.

“काका, शपथेवर एवढंच सांगा, की तुमचं म्हणणं कोणी ऐकलंच नाही.”

चंपतराव अडले. “कसं सांगू वं? मी तं बोललो ना! साहेबानं खुर्ची देली, चहा मांगवला. मी बोलून राहिलो अन् तो मान हलवून राहिला. खिडकीतून असं पिवळं ऊन येऊन राहिलं होतं, की उठावंसंच वाटेना. तुळसा बी बाजूलेच बसली होती, पदरानं वारा घेत.”

कामिनीनं पेन खाली ठेवलं. चंपतरावांच्या बायकोला, तुळसाकाकूंना, जाऊन चार वर्षं झाली होती.

वीजकेंद्रातल्या पाळ्यांनी चंपतरावांना एक विद्या दिली होती: ताठ बसून, डोळे अर्धे उघडे ठेवून झोपायची. त्या दिवशी हजेरीच्या वहीत सही करून ते बाहेरच्या बाकावर बसले आणि त्यांचा डोळा लागला. त्यांना आत कोणी बोलावलंच नव्हतं.

केस हाती आली, पण ती दुपार हातची गेली. माणसानं जन्मात एकदा इतकं छान बोलावं आणि ते फक्त बाकानं ऐकावं, हा कुठला न्याय! चंपतराव दोन दिवस नीट जेवले नाहीत.

कोर्टात न्यायमूर्तींनी फाइल चाळली. “यांची सही आहे. यांचं म्हणणं कुठे आहे?”

सरकारी वकील पानं उलटत राहिले. परवाना द्यायचा की नाही हे आम्ही ठरवणार नाही, न्यायमूर्ती म्हणाले, पण ऐकल्याशिवाय नाकारता येणार नाही. आदेश रद्द झाला. पुन्हा सुनावणी घ्यायची आणि म्हणणं लिहून घ्यायचं.

पंधरा दिवसांनी परवाना कार्यालयात साहेबांनी कोरा कागद पुढ्यात घेतला. “बोला, चंपतराव.”

चंपतराव टक्क जागे होते, आणि स्वप्नातला एक शब्द आठवेल तर शपथ. शेवटी जे पोटात होतं तेच ओठावर आलं.

“साहेब, बायको गेली तसं घरात मले कोणी आवाज देत नाही. क्लबात ‘चंपत, पान टाक गा’ म्हणतात, तेवढंच. तुम्ही कुलूप लावान तं लावा. पण मंग दुपारी मी कुठी जाऊ?”

साहेबांनी सगळं लिहिलं, मोठ्यानं वाचून दाखवलं आणि सहीसाठी कागद पुढे सरकवला. चंपतरावांनी पेन उचललं नाही. त्यांचे डोळे भरून आले होते.

“लायसनचं तुमचं तुम्ही पाहा,” ते म्हणाले, “पण हे आणखी एक डाव वाचा ना, साहेब. चार वर्षांत मायं इतकं कोणी ऐकलं नाही.”

साहेबांनी कागद परत ओढला आणि पहिल्या ओळीपासून सावकाश वाचायला घेतलं.