वेशीबाहेरचे एकोणीस दिवस

मोबाइलवर आमचा अकरा जणांचा एक खेळ आहे. प्रत्येकाचं एक पात्र. त्यानं काय केलं, काय म्हटलं ते आपण ग्रुपवर लिहायचं. दोन वर्षं असं लिहून लिहून आम्ही एक खोटं गाव वसवलंय. नियम दोनच. दुसऱ्याच्या पात्राला हात लावायचा नाही, आणि एकवीस दिवस एका जागी अडकलेलं पात्र खेळातून बाद.

माझं पात्र वेशीवरची राखणदारीण. मी लिहिलं तरच वेस उघडते.

अकोल्याची अलीझा जठारपेठेत वडिलांच्या दुकानात साड्यांना पिको-फॉल करते आणि मशीन थांबली की लिहिते. तिचं पात्र झेबा, एक जडीबुटीवाली, एक कुत्रा सोबत घेऊन माझ्या वेशीशी आली आणि दार उघडा म्हणाली. पुढचं मी लिहायचं होतं.

मी लिहिलं नाही. मला तेव्हा मोबाइलवर रील्स बघायचा नाद लागला होता. अमरावतीत पॅथॉलॉजीच्या काउंटरवर पेशंट नसला की अंगठा सुरू: बघ, बदाम दे, सरक पुढे. अलीझाचा मजकूर आला की त्यालाही लाल बदाम, आणि पुढे. चार ओळींपलीकडे वाचायचा मला खरंच कंटाळा यायचा. लाज वाटते सांगायला, पण तसंच होतं.

विसाव्या दिवशी चुलतबहिणीच्या साखरपुड्याला अकोल्यात गेले, तेव्हा अलीझाच्या दुकानात डोकावले. तिनं स्टूल पुढे सरकवलं.

"भावना, दार कावून नाई उघडलं तू?"

"अवं, लिहूनच राहिली होती मी. मस्त मोठं लिवून राहिली."

"माहं वाचलं ना सगळं?"

"म्हंजे काय! रोज दिल देल्लं ना तुले."

तिनं दातानं दोरा तोडला. "मंग कुत्रा कसा वाटला?"

"लय गोड आहे वं. त्याले बी आत घेतो ना आपण."

अलीझानं साडीची कड सुईखाली सरकवली आणि मशीन सुरू केली. मला वाटलं, कामाची घाई असेल.

परतीच्या एसटीत ग्रुप उघडला आणि पहिल्यापासून वाचायला बसले. एकोणीस दिवसांचे एकोणीस मजकूर. थंडी पडली. भाकरी संपली. शेवटचा तुकडा कुत्र्याला दिला. बाराव्या दिवशी कुत्रा मेला. झेबानं त्याला आपल्या ओढणीत गुंडाळून वेशीच्या पायरीखाली पुरलं, आणि आत कुणी जागं आहे का म्हणून हाक मारली.

त्याखाली माझा लाल बदाम होता.

मूर्तिजापूर येईस्तोवर मी नुसती रडत होते. मग लिहायला घेतलं. वेस उघडली, झेबापुढे गुडघे टेकले, कुत्र्याच्या जागेवर दिवा लावला, माफी मागितली. बडनेरा येईपर्यंत लिहीत होते. इतकं मोठं मी दोन वर्षांत कधी लिहिलं नव्हतं. पाठवलं, आणि फोन हातात धरून बसले.

एका मिनिटात अलीझाचं उत्तर आलं. एक लाल बदाम.

वेस उघडी होती, पण अलीझानं झेबाला आत आणलंच नाही, आणि दुसऱ्या दिवशी एकवीस दिवस भरून झेबा बाद झाली. तिनं माझं वाचलं की नाही, मला माहीत नाही. विचारायला मला तोंड नाही.