सोमवारचं ल्यूटन

"नोरीन, आजच्या दिवस तरी सोड गं! आईनं केलेला ब्रेड आहे नुसता."

"चौकटीत बसली बॅग तर सोडते, बार्टली."

"कंपनी बुडाली, पण तुझी चौकट काय बुडत नाही!"

बार्टलीनं गुडघा लावून बॅग सामान मापायच्या त्या लोखंडी चौकटीत कोंबली. आत ब्रेडचं काय झालं असेल ते त्याच्या आईलाच ठाऊक. रांगेतले दोघंतिघं हसले, पण उगाच आपलं हसायचं म्हणून. कारण कर्ल्यू एअरचं हे शेवटचं विमान होतं. ते आज जाणार होतं, आणि परत येणारच नव्हतं.

रांगेत सगळी आपल्या आयर्लंडातल्या मेयोचीच माणसं, गवंडी, सुतार, प्लंबर. सोमवारी सकाळी इंग्लंडात ल्यूटनला जायचं, आठवडाभर इंग्रजांच्या इमारती बांधायच्या, शुक्रवारी रात्री घरी. वर्षानुवर्षं हेच. आणि त्याच रांगेत, मधोमध, नोरीनचा नवरा मॅलकी. म्हणजे बघा, दर सोमवारी बायकोच नवऱ्याचा पास तपासून त्याला देशाबाहेर पाठवायची! लोक चेष्टा करायचे, हीही हसायची.

तसं हे एका दिवसात नाही झालं. कंपनीनं आधी मंगळवारचं विमान काढलं, मग एडिनबरोचं बंद केलं, मग सामान चढवणारी पोरं कमी केली. शेवटी शेवटी तर नोरीनच पास तपासायची आणि तीच जाकीट चढवून, पावसात पळत जाऊन विमानाच्या जिन्याशी उभी राहायची. संध्याकाळी घरी गेली की बूट काढायचंही त्राण नसायचं. मग एके दिवशी कॉम्प्युटरच्या पडद्यावर टाय लावलेला कंपनीचा एक माणूस आला आणि म्हणाला, आम्ही इथलं कामकाज जरा हलकं करतोय. नोरीनच्या हाताखालची ग्रोन्या फटकन म्हणाली, "हलकं म्हणजे बंदच ना?" तर तो म्हणतो, तुमचा आवाज नीट येत नाहीये.

आता मॅलकीचं काय? बसनं डब्लिन, तिथून बोट, पुढं रेल्वे. दर आठवड्याला कोण करणार हे, आणि तेही साठीला आलेला माणूस? दोन महिन्यांतून एकदा आला तरी खूप. आज तो विमानात बसला की घरातला शुक्रवार संपला, हे दोघांनाही कळत होतं. पण बोललं का कुणी? छे! काल जेवताना मॅलकी म्हणाला, "बोट आहेच." ती म्हणाली, "आहे की." मग दोघं पावसाबद्दल बोलत बसले.

नोरीनला 'थांब' म्हणायचं होतं हो. पण कुठल्या तोंडानं म्हणणार? इथं त्याला काम नाही, तिचंही आजपासून नाही. आणि खरं सांगायचं तर तिला थोडी भीतीही होती. मुलं लहान होती तेव्हापासून या दोघांनी एकत्र साधा बुधवार पाहिलेला नव्हता. दिवसभर करायचं काय एकमेकांचं?

तर बार्टलीचा पास तिनं मशीनवर धरला, टिंग वाजलं. बार्टली पुढं जायचं सोडून तिथंच थांबला. टोपी काढली, तिचा हात हातात घेतला आणि म्हणाला, "तुझ्या दुःखात आम्ही आहोत, नोरीन."

आता हे आपल्याकडं मयताच्या घरी म्हणतात! शवपेटीजवळ घरची माणसं ओळीनं उभी असतात आणि अख्खं गाव एकेक करून हात मिळवत जातं. बार्टलीनं अर्धी चेष्टाच केली असणार. पण मागच्यानं खरोखर टोपी काढली. त्याच्या मागच्यानंही. एका हातानं पास, दुसऱ्या हातानं हात. "तुझ्या दुःखात आम्ही आहोत." "तुझ्या दुःखात आम्ही आहोत, बाई." नोरीन नुसती मान हलवत होती. मशीन टिंग टिंग करत होतं. ग्रोन्या तोंड फिरवून खिडकीतून बाहेर बघत होती.

आणि मग खांद्याला बॅग लावून मॅलकी समोर आला.

त्यानं पास पुढं केला. दुसरा हातही पुढं केला, आणि तो हात तसाच राहिला. म्हणायचं काय? आणि त्या रांगेत घरचा माणूस असतो का कधी? घरच्यानं कुठं उभं राहायचं ते पोराटोरांनाही ठाऊक असतं.

"मॅलकी, मागं माणसं खोळंबलीत," नोरीन हळूच म्हणाली.

"दिसतंय मला."

त्यानं पास खिशात घातला, टेबलाला वळसा घातला आणि तिच्या शेजारी येऊन उभा राहिला. मागचा सुतार क्षणभर गडबडला. मग त्यानं आधी नोरीनशी हात मिळवला, नंतर मॅलकीशी. मग सगळ्यांनीच तसं केलं, शेवटच्या माणसापर्यंत.

ग्रोन्यानं दार लावलं आणि फोनवर सांगितलं, "एक कमी आहे. नाही, वाट बघू नका."

आत आलेला माणूस विमानात चढला नाही, तर त्याला सोबतीनं, विमानातून उतरणाऱ्यांच्या वाटेनं बाहेर काढायचं असतं. नियमच आहे. म्हणून नोरीन त्याला घेऊन निघाली. लांबच लांब बोळ. दोघांचे पाय दमलेले.

"मंगळवारी काय खातेस तू?" मॅलकीनं विचारलं.

"टोस्ट."

"नुसता?"

"एकटीसाठी काय रांधू?"

"आणि बुधवारी?"

"बुधवारी वाचनालयात जाते."

"मी आलो तर चालेल?"

"तिथं बोलायचं नसतं."

"मग जमेल मला."

ती हसली नाही, पण तिची चाल जरा मंदावली. पलीकडं विमानाचा आवाज वाढला, दूर गेला, संपला. मॅलकीनं वळून पाहिलं नाही.

शेवटचं दार आपोआप सरकलं. बाहेर कठड्यापाशी कुणीच नव्हतं. शुक्रवारी इथं बायका, पोरं, कुत्री, सगळी आपापल्या माणसाला घ्यायला थांबलेली असायची. नोरीन मात्र कधीच नसायची, त्या वेळी ती घरी बटाटे उकडत असायची. ती कठड्याला वळसा घालून पलीकडं गेली, त्याच्या समोर उभी राहिली आणि हात पुढं करून म्हणाली,

"आण ती बॅग इकडं."