तोंडानं मांडलेलं घर

“काकू, आरसा इथंच ना? तुम्ही म्हणाला होतात तिथंच लावलाय!”

नव्या मालकिणीनं मला हाताला धरून आत ओढलं. सह्या होईपर्यंत मी हिची ‘ताई’ होते. गेल्या महिन्यात व्यवहार पूर्ण झाला आणि एका रात्रीत काकू झाले. घ्या!

मी आले होते मागच्या दाराची राहिलेली किल्ली द्यायला. द्यायची आणि जिन्यावरूनच परतायचं, असं ठरवून आले होते. पण जन्मभर लोकांना घरं दाखवणाऱ्या बाईला कोणी घर दाखवू लागलं, तर नाही कसं म्हणणार?

आरसा दाराशेजारी होता. खाली चपलांचा कप्पा, त्याच्यावर बूट घालताना टेकायला छोटी गादी. जेवणाचं टेबल खिडकीला लावलेलं. पुस्तकांचं कपाट कोपऱ्यात, आणि त्याच्याजवळ एकच खुर्ची, एकट्या माणसानं वाचत बसायला. सगळं मी सांगितलं होतं तसं.

आमच्या धंद्यात हे सांगणंच महत्त्वाचं. रिकाम्या भिंती पाहिल्या की गिऱ्हाईक हमखास म्हणतं, “लहानच वाटतं हो.” म्हणून आम्ही तोंडानं सामान मांडतो. इथं तुमचा पलंग, इथं बाळाचा पाळणा. पण मांडायचं ते त्यांचं सामान. त्यांच्याकडे काय आहे ते गप्पा मारता मारता काढून घ्यायचं आणि तेच त्यांना दाखवायचं. एवढ्या वर्षांत मी हा नियम कधी मोडला नाही. मोडला तो याच घरात.

घर पडून होतं, किल्ली माझ्याकडे. खिडक्या उघडायला म्हणून यायची आणि फरशीवर बसून डबा खायची. आमची ऐपत नाही हे मला पक्कं ठाऊक होतं. पण मनाला कोण समजावणार? मग गिऱ्हाईक आलं की तोंडातून माझंच सामान बाहेर पडायचं. लोक बावचळायचे. “आमच्याकडे कुठली एवढी पुस्तकं?” म्हणून निघून जायचे. मला आतून बरंच वाटायचं. मग हे दोघं आले. नवं लग्न, संसारात दोन पातेली आणि माहेरचं एक लोखंडी कपाट. त्यांना माझं सगळंच्या सगळं पटलं.

“काकूंना विचार ना,” स्टुलावर चढलेला तिचा नवरा म्हणाला, “पडदा खिडकीपुरता की जमिनीपर्यंत?”

“जमिनीपर्यंत,” मी बोलून गेले. “आणि फिका घ्या. गडद रंगानं खोली लहान दिसते.”

“बघ! मी काय म्हणत होते?” तिनं टाळी वाजवली. “तुमचं घर किती सुंदर असेल हो काकू! बोलवा ना एकदा.”

“या की,” मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार!

हेवा वाटतो म्हणायला लोक लाजतात. मी नाही लाजत. माझ्या अंगाची लाही लाही होत होती. या मुलीनं माझं काही वाईट केलं नव्हतं. उलट जाईल तिथं माझं कौतुक करत होती. तरी वाटत होतं, तो आरसा खाली पडावा आणि खळ्ळकन फुटावा. ती त्याच्यात वळून वळून स्वतःला बघत होती, आणि मला तिचा तो हसरा चेहरासुद्धा बघवत नव्हता.

ती मला मागच्या छोट्या खोलीत घेऊन गेली. “ही मात्र तुम्ही कधी मांडून दिली नाहीत हं!”

नव्हती दिली. माझा नवरा शिंपी. भाड्याच्या दोन खोल्यांत त्याचं मशीन स्वयंपाकघराच्या दारात असतं. जेवायच्या वेळी दोघांनी धरून बाजूला करायचं, जेवण झालं की परत जागेवर. भर दुपारी दिवा लावून शिवतो बिचारा. एका रविवारी त्याला इथं घेऊन आले होते, कशाला ते न सांगता. बाकीचं घर त्यानं बघितलं न बघितलं. या खोलीत मात्र खिडकीशी उभा राहिला, मशीनच्या उंचीवर हात धरला आणि इकडून तिकडे सरकवला.

“उजेड डावीकडून येतो गं,” म्हणाला. “हाताची सावली कापडावर पडायची नाही.” मग एकदम वळला. “चल. लोकांचं घर आहे.”

त्यानंतर ही खोली मी कोणालाच मांडून दाखवली नाही. नुसतं दार उघडायचं आणि लावून घ्यायचं.

“मी म्हणतो, हिच्यासाठी इथं टेबल टाकू,” तिचा नवरा मागून येऊन म्हणाला. “चित्रं काढते ना ही. उजेड बरा आहे. काय काकू?”

“छे!” मी म्हटलं. “ओल येते या भिंतीला. अडगळीचीच खोली ही. सामान भरून टाका.”

आयुष्यभर लोकांच्या भिंतींवरची ओल लपवत आले, आणि आज नसलेली ओल दाखवली.

तिचा चेहरा पडला. भिंतीवर तळहात टेकवून तिनं बघितलं. भिंत कोरडी ठणठणीत होती. मला वाटलं, आता ही विचारणार. पण ती म्हणाली, “काकू म्हणतात म्हणजे असेल. पावसाळ्यात कळेलच.”

आधी खोके आले. मग ते लोखंडी कपाट. खोलीचं दार उघडं राहायचं तर ते खिडकीसमोरच बसत होतं. दोघांना काही हलेना.

“काकू, जरा हात लावता?”

मी पर्स खाली ठेवली, पदर खोचला आणि एक कोपरा धरला. कपाट करकरत सरकलं. फरशीवरचा उन्हाचा पट्टा बारीक झाला, मग गेलाच.

“बसलं!” तो म्हणाला.

ती भिंतीवर दिव्याचं बटण चाचपू लागली. तिला ते सापडेना. मला न बघता ठाऊक होतं. मी हात पुढे केला आणि दिवा लावून दिला.