पाटलिणीची चिडीचूप ओसरी

मनकर्णा पाटलिणीला गर्व होता आणि तो ती लपवत नसे. का लपवावा? दर्यापूरकडच्या त्या गावात रामराव पाटलाच्या घराची ओसरी चांगली लांबरुंद. कापसाच्या वेचणीत तिथं मजूर बायांची तान्ही पोरं ओळीनं निजवलेली असायची, आणि ओसरी कशी, तर चिडीचूप. वाटसरूला वाटावं, घरात कुणी नाहीच.

काळच तसा आला होता. सातासमुद्रापलीकडे कुठंतरी गोऱ्यांची आपसांत लढाई जुंपली होती म्हणे, आणि इकडे वऱ्हाडात कापसाला सोन्याचं मोल आलं होतं. अमरावतीच्या बाजाराकडे गाड्यांची रीघ लागलेली. बोंडं फुटली की वेचायला हात पुरत नसत, मग लेकुरवाळी काय नि म्हातारी काय, सगळ्या शेतात. पोरं ठेवायची कुठं? पाटलिणीच्या ओसरीवर. मनकर्णा स्वतःच्या हातानं बाळागोळी करायची. जायफळ, मुरूडशेंग आणि अफू घोटून, वाळवून, पितळी डबीत भरून ठेवायची. मोहरीएवढी गोळी आईच्या दुधात उगाळून जिभेला लावली की पोर दुपार कलेपर्यंत निवांत. तेव्हा घरोघरी हेच चालायचं, त्यात कुणाला वावगं वाटत नसे. मात्र कुणाकुणाकडे एखादं पोर झोपेतच जायचं, मनकर्णाकडे कधी नाही. "माह्या हातानं आजवर एकही पोट्टं दगावलं नाई," असं ती विहिरीवर दहाजणींत ठणकावून सांगे. बाया माना डोलवत, कारण ते खरं होतं.

त्या दिवशी ऊन डोक्यावर आलं तशी पार्बताबाई शेतातून पोराला पाजायला आली. आधीची दोन लेकरं गेलेली, हा तिसरा, खुशाल नावाचा, तेवढा टिकला होता. तिनं त्याला छातीशी धरलं. पोरगं तोंडच लावेना. मान एकीकडे कलंडली, हात लुळा खाली आला.

"पाटलीणबाई, हा पेऊन नाई राहिला," ती म्हणाली, आणि तिचा आवाज चिरकला.

मनकर्णानं पोर मांडीवर घेतलं. मोठी जाऊ सुभद्रा लगबगीनं आली, पोराकडे एकदा पाहिलं नि निकाल देऊन मोकळी झाली. "नजर लागली त्याले. मीठ-मिरच्या आणा."

मनकर्णानं पोराची पापणी वर केली. ओसरीच्या सावलीत डोळ्यातली बाहुली मोठी दिसायला हवी, ती टाचणीच्या टोकाएवढी झाली होती. छातीवर हात ठेवला. एक श्वास गेला, तर दुसरा येता येईना. ओठांच्या कडा निळसर झाल्या होत्या.

हे अफूचं काम होतं, तिला ते लख्ख कळलं. पण गोळी तर तिनंच दिलेली, मोहरीएवढी, नेहमीसारखी. आपला हात चुकणं शक्य नाही, हे तिला सूर्य उगवण्याइतकं पक्कं ठाऊक होतं. आणि इथंच खरी अडचण होती. नजर लागली म्हटलं असतं तर अख्ख्या ओसरीनं मान्य केलं असतं, तिचं नाव शाबूत राहिलं असतं. पण पोरगं कशाला खोटं सांगेल? ते अंगभर सांगत होतं. मनकर्णानं आपल्या हातापेक्षा पोराच्या डोळ्यावर विश्वास ठेवला.

"ऐका," ती म्हणाली. "आज याले गोळी मी देल्ली. आणखीन कोणं देल्ली? मी रागावणार नाई. पण मले कळलं नाई तर पोरगं जाईन."

पाजायला आलेल्या बाया एकमेकींकडे बघू लागल्या. खांबाआडून कौशल्या पुढं आली. अकोल्याहून यंदाच नांदायला आलेली मनकर्णाची सून. तोंडावर रक्ताचा टिपूस नव्हता.

"मी देल्ली, आत्याबाई. तुमी डबी इथंच ठेवून कापसाच्या गाडीपाशी गेल्त्या. हा कुरकुर करे. मले वाटलं, याले द्याची राहिली. तुमच्या ओसरीत आवाज नोको, म्हणून."

पार्बताबाईच्या तोंडून हुंदका फुटला. मनकर्णाला राग आला, खोटं कशाला सांगू? अंगाचा नुसता जाळ झाला. तिची जीभ कशी चालते हे सगळ्या गावाला माहीत, सुभद्रा तर आता मजा बघायला सरसावून बसली होती. पण मनकर्णानं तो राग तसाच गिळला. रागावण्यात वेळ घालवला तर तो पोराचाच जाणार होता.

"सांगतलं ते बरं केलं," ती म्हणाली. "माठातलं गार पाणी आण. याले झोपू द्याचं नाई."

मग दोघी कामाला लागल्या. ओल्या फडक्यानं तोंड पुसायचं, तळपायावर टिचक्या मारायच्या, खांद्यावर घेऊन अंगणात फिरवायचं, नावानं हाका मारायच्या. सुभद्रा तुपाची वाटी घेऊन आली. "तूप पाज, अफू उतरन."

"गुंगीतल्या पोराच्या तोंडात थेंबही जाणार नाई," मनकर्णानं वाटी बाजूला सारली. "ते गिळत नाई, छातीत उतरन त्याच्या." आणि कौशल्याला म्हणाली, "हात छातीवरच ठेव. थांबली की सांग, लाजू नोको."

"थांबली," कौशल्या लगेच म्हणाली.

मनकर्णानं पोराला आडवं केलं, त्याच्या नाकातोंडावर आपलं तोंड ठेवलं नि हळूच फुंकलं, गालात मावेल एवढीच हवा. जन्मताना न रडणाऱ्या लेकरांना ती असंच जागं करायची. छाती उचलली. पुन्हा फुंकलं. पार्बताबाई खांबाला टेकून देवाचं नाव घेत होती. कौशल्याचा हात हलला नाही. आणखी दोनदा ती "थांबली" म्हणाली, दोन्ही वेळा अगदी वेळेवर म्हणाली. सासूनं ते मनात टिपून ठेवलं.

गुरं घरी परतायच्या सुमारास खुशालनं तोंड वाकडं केलं. आधी कण्हला, मग असा टाहो फोडला की ओसरीवरची बाकीची पोरंही जागी होऊन रडू लागली. मनकर्णा जोत्यावर बसली आणि पदरात तोंड घालून रडली. तिला रडताना गावानं तेव्हाच पाहिलं.

पार्बताबाईनं पोर उचललं नि तडक निघून गेली. आता ही काही येत नाही, मनकर्णाला वाटलं, आणि तिचं काय चुकलं?

पण दुसऱ्या दिवशी उजाडताच पार्बताबाई दारात हजर. मनकर्णानं हात पुढं केले. पार्बताबाई तिला ओलांडून गेली नि तिनं पोर कौशल्याच्या हातात दिलं.

"इच्यापाशी ठेवतो, पाटलीणबाई. इनं लपवलं असतं तर आज मी कोणाले पाजलं असतं?"

मनकर्णाच्या काळजाला ते लागलं, चांगलंच लागलं. मग तिनं सुनेकडे पाहिलं. पोर घेऊन उभी होती, डोळे भरलेले, पण मान ताठ. मनकर्णाचा ऊर भरून आला. तिनं कनवटीची पितळी डबी काढून कौशल्याच्या ओंजळीत ठेवली.

"आजपासून डबी तुह्यापाशी. देणारा हात एकच. अन् देल्ली की पोराच्या तळपायाले काजळाचा टिळा लावाचा, म्हणजे कोणालेही दिसन."

कौशल्यानं डबी पाहिली, पदराच्या टोकात घट्ट बांधली. "आत्याबाई, आज कोणालेच नाई देत. जे रडन त्याले घेऊ."

त्या दुपारी रामराव पाटील अमरावतीच्या एका व्यापाऱ्याला घेऊन आले. ओसरीवर नुसता गलबला. चार पोरं सासूकडे, तीन सुनेकडे, सुभद्रेच्याही काखेत एक, आणि सगळ्यांत मोठा आवाज खुशालचा.

"हे काय लावलं?" पाटील वैतागून म्हणाले. "तुह्या ओसरीत कधी टाचणी पडल्याचा आवाज नसे."

"रडून राहिले नं सारे?" मनकर्णा म्हणाली, आणि व्यापाऱ्यालाही ऐकू जावं म्हणून आवाज चढवला. "मंग सारे जिते हाय. माह्या सुनेची ओसरी हाय हे."